काल चालू झाला, आज सकाळी प्रोजेक्टर कॉम्प्युटरचं ऐकूनच नाही राह्यला: दर वेळच्या या त्रासाचं काय करायचं

आमच्याकडं हिंगणघाट-समुद्रपूर भागात बऱ्याच शाळांत, अभ्यासिकांत अन ग्रामपंचायतीच्या हॉलमधे आता प्रोजेक्टर छताला टांगलेले आहेत, रिमोट कोणाच्या तरी कपाटात कुलूपबंद नाहीतर सेल संपलेला, म्हणून कोणीतरी हुशारी करून कॉम्प्युटरवरूनच चालू-बंद करायची सोय करून देते, सिरीयल केबलनं (जुन्या नऊ पिनांच्या पोर्टची) नाहीतर नेटवर्कनं. पहिला आठवडा मस्त जाते. मग तक्रार सुरू होते अन ती सगळीकडं एकसारखीच असते: रात्री बंद केला तेव्हा बरोबर बंद झाला, सकाळी चालू कर म्हटलं तर हलतच नाही, मग कोणीतरी टेबलावर स्टूल ठेवून वर चढते, बटन दाबते, अन त्यानंतर दिवसभर कॉम्प्युटरचं सगळं ऐकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे असं होत असलं तर कमांड चुकली म्हणून प्रोग्राम उघडून बसू नका. दिवसभर जी कमांड चालते ती सकाळी चुकीची कशी होईल. प्रोजेक्टरपर्यंत ती पोचून नाही राह्यली, किंवा पोचली पण त्यानं काहीतरी उत्तर दिलं अन ते उत्तर आपल्या प्रोग्रामनं वाचलंच नाही, या दोनपैकी एक आहे. माझं ठाम मत आहे की या कामात कमांड पाठवण्यापेक्षा उत्तर वाचणं महत्त्वाचं, अन आपल्याकडं चालणारे निम्मे प्रोग्राम फक्त पाठवत राहतात, ऐकत काहीच नाहीत.

सगळ्यात आधी स्टँडबाय, म्हणजे बंद केल्यावर प्रोजेक्टर किती जागा राहते, ते पाहा. प्रोजेक्टरच्या मेनूत, बहुतेक एक्स्टेंडेड नाहीतर सेटअप नावाच्या भागात, स्टँडबाय मोड असतो. कुठं त्याला इको अन नॉर्मल म्हणतात, कुठं कम्युनिकेशन ऑन-ऑफ, कुठं नेटवर्क स्टँडबाय. इकोमधे असला की प्रोजेक्टर बंद केल्याबरोबर त्याचं लॅनचं (नेटवर्क केबलचं) सर्किट पण झोपते, काही मॉडेलमधे सिरीयल पोर्ट पण. मग तुम्ही दुनियाभरच्या कमांड पाठवा, ऐकायला तिथं कोणी जागं नाही. बहुतेक कंपन्या पाठवताना इको लावूनच पाठवतात, युरोपात २०१३ पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॉटची मर्यादा आहे, लॅन जागं ठेवून तो नियम पाळणं कठीण जाते. तुम्ही ते बदलून नेटवर्क ऑन करा. त्यानं बंद असताना समजा तीन वॉट जास्त खाल्ले तरी वर्षाचे २६ युनिट होतात, दर सकाळी स्टुलावर चढणाऱ्या मास्तरांच्या कमरेपुढं हे काहीच नाही. ज्या तक्रारीत 'सकाळी नाही, दिवसा चालते' असं असते तिथं बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होऊन जाते. एक मात्र ध्यानात ठेवा, फॅक्टरी रीसेट मारला की हे पुन्हा इकोवर जाऊ शकते, म्हणून कोणी रीसेट केला होता का ते आधी विचारा.

स्टँडबाय बरोबर असूनही होत नसलं तर पत्ता पाहा. लाइट गेली, राउटर बंद झाला, लाइट आली, राउटरनं सगळ्यांना नवे आयपी (नेटवर्कमधले पत्ते) वाटले, अन प्रोग्राम अजून कालच्याच आयपीवर हाका मारून राह्यला. राउटरमधे प्रोजेक्टरचा मॅक ॲड्रेस (त्याच्या लॅनचा कायमचा नंबर) बांधून त्याला एकच आयपी ठरवून देता येते, पण खेड्यात मी तो रस्ता सुचवत नाही, कारण राउटरच दोन-चार महिन्यात बदलते, नाहीतर राउटर नसतेच अन इंटरनेट कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. तिथं तर अजून मजबूत गोंधळ होते, कॉम्प्युटर हॉटस्पॉटच्या नेटवर्कमधे गेला अन प्रोजेक्टर राउटरच्या, दोघांची गाठच नाही.

त्यापेक्षा सरळ एक लॅन केबल कॉम्प्युटरपासून प्रोजेक्टरपर्यंत ओढा, मधात राउटर नको, स्विच नको. जुन्या काळी त्याला क्रॉस केबल लागायची, आताचे पोर्ट स्वतःच जुळवून घेतात, साधी केबल चालते. प्रोजेक्टरमधे डीएचसीपी (आपोआप आयपी घेणं) बंद करून हातानं आयपी टाका, समजा १९२.१६८.५०.२, कॉम्प्युटरच्या लॅन कार्डला १९२.१६८.५०.१, दोघांचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, अन कॉम्प्युटरच्या लॅन कार्डमधे गेटवेची जागा रिकामी ठेवा. रिकामी ठेवायचं कारण असं की गेटवे टाकला तर विंडोज इंटरनेट पण त्या केबलमधून शोधत बसू शकते अन हॉटस्पॉट लागूनही इंटरनेट नाही अशी नवीन तक्रार उभी राहते. केबल १०० मीटरपर्यंत चालते, वर्गखोलीत तर वीसच्या वर लागत नाही, पण ती शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वाकवताना आतून तुटते अन मग कधी लागते कधी नाही, असला दोष शोधणं सगळ्यात कठीण.

आता तपासायचं कसं. आधी पिंग, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्या आयपीला हाक मारून उत्तर येते का ते पाहणं. पिंग लागत नसला तर स्टँडबाय, केबल, आयपी याच्या पुढं जाऊच नका. पिंग लागला तर पोर्ट, म्हणजे त्या आयपीवर कमांड ऐकणाऱ्या दरवाजाचा नंबर. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नेटवर्कवाले प्रोजेक्टर पीजेलिंक नावाची एकच भाषा बोलतात, जपानच्या जेबीएमआयए या उद्योग संघटनेनं ती ठरवली, तिचा पोर्ट ४३५२. मेनूत पीजेलिंक नावाचं वेगळं ऑन-ऑफ असते काही मॉडेलमधे, ते ऑफ असलं तर पिंग लागते पण पोर्ट बंद, माणूस चक्रावून जाते.

पुटी (हातानं कमांड टाइप करून पाठवायचा प्रोग्राम) उघडा, आयपी टाका, पोर्ट ४३५२, प्रकार रॉ, अन जोडा. पीजेलिंकमधे आधी प्रोजेक्टर बोलते. जोडल्याबरोबर त्यानं पीजेलिंक असं लिहून पुढं शून्य पाठवलं तर पासवर्ड नाही, थेट कमांड द्या. पुढं एक अन त्यानंतर आठ अक्षरांचा आकडा पाठवला तर पासवर्ड आहे. पासवर्ड असला तर ती आठ अक्षरं अन त्याला चिकटूनच पासवर्ड, मधात जागा नाही, असं जोडून त्याचा एमडी५ (अक्षरांवरून हिशेबानं निघणारा ठसा) काढायचा, ती ३२ अक्षरं कमांडच्या आधी लावायची. ही आठ अक्षरं दर जोडणीला बदलतात, म्हणून कालचा काढलेला एमडी५ आज चालत नाही. काही लोक एकदा काढून फाइलमधे लिहून ठेवतात अन मग एररए (पासवर्ड जुळला नाही) येते म्हणून पासवर्ड बदलत बसतात, तसं करू नका. लिनक्सवर इको कमांडनं एमडी५ काढत असाल तर इको शेवटी एक नवीन ओळ चिकटवते, ती पण हिशेबात जाते अन उत्तर चुकते, त्याला मायनस एन लावायचं. कॉम्प्युटर अन प्रोजेक्टर दोघंच एका केबलवर असतील तर पासवर्ड काढूनच टाका, तिथं बाहेरचं कोणी येत नाही. वायफायवर असला तर मात्र ठेवा, वर्गात पोरं आहेत.

कमांड इथं मी उच्चारानं लिहितो, टाइप करताना अक्षरं अन आकडे दोन्ही इंग्रजी कीबोर्डचे पाहिजे, मराठी कीबोर्ड चालू राहून मराठी एक पडला तर प्रोजेक्टरला ते कळत नाही. टक्क्याचं चिन्ह, एक, पीओडब्ल्यूआर, एक स्पेस, प्रश्नचिन्ह, अन एंटर. उत्तरात बरोबरच्या चिन्हापुढं आकडा येते. शून्य म्हणजे स्टँडबाय, एक म्हणजे दिवा चालू, दोन म्हणजे थंड होऊन राह्यला, तीन म्हणजे गरम होऊन राह्यला. प्रश्नचिन्हाच्या जागी एक टाकला की चालू, शून्य टाकला की बंद. एंटर म्हणजे इथं कॅरेज रिटर्न, अक्षर क्रमांक १३. लिनक्सच्या नेटकॅटमधून (पुटीसारखंच काम करणारा प्रोग्राम) एंटर मारला की क्रमांक १० जाते, प्रोजेक्टर १३ ची वाट पाहत राहते अन तुम्ही उत्तराची. स्वतःचा पायथन प्रोग्राम लिहिला असेल तर शेवटी बॅकस्लॅश-आर (१३) आहे की बॅकस्लॅश-एन (१०) ते पाहा, लई जणांचं इथंच अडलेलं असते.

आता दोन अन तीन या उत्तरांकडं नीट पाहा, कारण दुसरी नेहमीची तक्रार इथून निघते. लाइट दोन मिनिटांसाठी गेली अन आली, लगेच चालू कर म्हटलं, झाला नाही, पुन्हा पाठवलं, पुन्हा नाही. दिव्यावाला प्रोजेक्टर असला तर तापलेला दिवा लगेच पेटतच नाही, आतला दाब उतरेपर्यंत थांबावं लागते. त्या वेळात पीजेलिंक एररतीन असं उत्तर देऊ शकते, म्हणजे कमांड बरोबर आहे पण आत्ता घेऊ शकत नाही. प्रोग्राम हे वाचत नसला तर त्याला वाटते कमांड गेली, काम झालं. एररएक म्हणजे ही कमांड मला माहीतच नाही, एररदोन म्हणजे कमांडपुढचा आकडा चुकला, एररचार म्हणजे प्रोजेक्टरमधेच बिघाड. चारही वेगळे आहेत अन चारहीवर इलाज वेगळा, सगळ्यांना 'झालं नाही' म्हणून एकाच पोत्यात भरू नका.

प्रोग्राम असा पाहिजे: जोडणी करा, आधी स्थिती विचारा. शून्य असला तर चालूची कमांड. मग दर पाच सेकंदांनी विचारत राहा, तीन येत राहील, एक आला की मगच एचडीएमआयची कमांड द्या. गरम होतानाच इनपुट बदलायला सांगितलं की ते वाया जाते अन पडदा निळा राहते, 'प्रोजेक्टर चालू होते पण चित्र येत नाही' ही तक्रार हीच. दोन आला तर चालूची कमांड पाठवूच नका, शून्य होईपर्यंत थांबा. जोडणीच झाली नाही तर दहा सेकंद थांबून पुन्हा, कारण लाइट आल्यावर कॉम्प्युटर लवकर उठते अन प्रोजेक्टरचं लॅन उशिरा. अन जोडणी उघडी धरून बसू नका, ३० सेकंद काही बोललं नाही की पीजेलिंक स्वतःच फोन ठेवते, मग त्या मेलेल्या जोडणीवर पाठवलेली कमांड कुठंच जात नाही. दर वेळी जोडा, बोला, सोडा.

वेळेवर आपोआप चालू व्हावा म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधे काम लावलं असेल तर एक खूण मुद्दाम जाऊन पाहा. कंडिशन्समधे 'एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा' अशी खूण आधीपासूनच लागलेली असते. शहरात त्यानं काही बिघडत नाही. आपल्याकडं सकाळी दहाला लाइन नाही, प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालू शकते पण लॅपटॉपचं चार्जर साध्या बोर्डात आहे म्हणून तो बॅटरीवर, अन विंडोज ते कामच सुरू करत नाही, एरर पण दाखवत नाही. ती खूण काढा. त्याच खिडकीत चुकलेलं काम नंतर करण्याची पण खूण असते, ती चालूच्या कामाला लावू नका, नाहीतर दुपारी तीनला कॉम्प्युटर उघडला की सकाळचा प्रोजेक्टर तेव्हा चालू होईल.

तसंच प्रोजेक्टरमधला डायरेक्ट पॉवर ऑन बंद ठेवा. तो चालू असला की रात्री दोनला लाइट आली की प्रोजेक्टर स्वतःहून चालू होते, कुलूपबंद खोलीत कोणी नसताना तास खाते. कितीक तास झाले ते कमांडनं विचारता येते, त्याच टक्का-एकपुढं लॅम्प, स्पेस, प्रश्नचिन्ह. महिन्याला विचारून वहीत लिहा, वर्ग जेवढे झाले त्याच्यापेक्षा तास लई जास्त दिसले तर हेच होऊन राह्यलं समजा.

आता सिरीयलवाले. जुन्या प्रोजेक्टरला लॅन नसते, आरएस२३२ चा नऊ पिनांचा पोर्ट असते, अन कॉम्प्युटरला तो नसते म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर लागते. इथली दर वेळची तक्रार म्हणजे कॉम नंबर बदलणं. झाडताना कोणीतरी कन्व्हर्टर काढते, दुसऱ्या यूएसबीत लावते, कॉम३ चा कॉम५ होते. सीएच३४० चिपच्या स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसते म्हणून विंडोज त्याला कुठल्या भोकात लावलं त्यावरून ओळखते. एफटीडीआयच्या असली चिपला अनुक्रमांक असते, ती कुठंही लावा, नंबर तोच राहते, म्हणून जरा महाग पडलं तरी तेच घ्या. तोपर्यंत त्या यूएसबी भोकावर रंगाचा ठिपका लावा. पीएल२३०३ चिपचं जुनं कन्व्हर्टर डिव्हाइस मॅनेजरमधे पिवळी खूण दाखवत असेल तर नवीन ड्रायव्हर जुन्या अन नकली चिपला नाकारते, जुना ड्रायव्हर टाकून चालते कधीकधी, पण विंडोज अपडेट आला की पुन्हा जाते. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावल्याबरोबर गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय नावाचा, अंध लोकांच्या ब्रेल यंत्रासाठीचा, प्रोग्राम त्याला आपलं यंत्र समजून ताब्यात घेते. खोलीत ब्रेल यंत्र कोणी वापरत नसेल तरच तो काढा.

कन्व्हर्टर चांगलं आहे का ते पाहायला प्रोजेक्टर लागतच नाही. नऊ पिनांपैकी दोन अन तीन नंबरची पिन तारेच्या तुकड्यानं जोडा, पुटीत तो कॉम पोर्ट उघडा, फ्लो कंट्रोल नन ठेवा अन टाइप करा. जे टाइप केलं तेच पडद्यावर आलं तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर, नंबर सगळं ठीक. तार काढल्यावर यायचं थांबलं पाहिजे, नाही थांबलं तर पुटीचा लोकल इको चालू आहे. मग केबल. दोन, तीन, पाच या तीनच तारा कामाच्या, पण काही प्रोजेक्टरला सरळ केबल लागते अन काहींना दोन-तीन उलटवलेली क्रॉस. एप्सनच्या नऊ पिनवाल्यांना क्रॉस लागते. मॅन्युअलमधे पाहा, मॅन्युअल नसलं तर दोन अन तीन उलटवून पाहा, त्यानं काही जळत नाही.

एप्सनची सिरीयल भाषा ९६०० वेगाची, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. तिथं सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे फक्त एंटर मारा, उत्तरात अपूर्णविरामासारखे दोन ठिपके आले की लाइन जिवंत. मग पीडब्ल्यूआर, स्पेस, ऑन. बेनक्यूमधे आधी एंटर, मग चांदणीचं चिन्ह, पीओडब्ल्यू, बरोबर, ऑन, हॅश, पुन्हा एंटर, अन त्यांच्या काही मॉडेलचा वेग ९६०० तर काहींचा १,१५,२००, तो मेनूत दिसते. ऑप्टोमामधे लहरीचं चिन्ह (टिल्ड), चार शून्य, स्पेस, एक, अन जमलं तर उत्तर पी, नाही जमलं तर एफ. उत्तरात चित्रविचित्र अक्षरं आली तर वेग जुळत नाही एवढंच समजा, केबल ठीक आहे.

सिरीयल केबल १५ मीटरच्या वर नेऊ नका. अन आपल्याकडं अजून एक गोष्ट आहे, अर्थिंग. कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या बोर्डवर, प्रोजेक्टर दुसऱ्या फेजवर, अन जमिनीत अर्थिंगची सळई उन्हाळ्यात कोरडी ठक्क. दोघांच्या अर्थमधे फरक पडला की तो सिरीयलच्या पाच नंबरच्या तारेतून वाहते अन पोर्ट जळते, कधी हळूहळू, कधी पहिल्या पावसाच्या कडकडाटात एकदम. लॅनच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असते, तो १५०० व्होल्टपर्यंत दोघांना वेगळं ठेवते, म्हणून लॅन अन सिरीयल दोन्ही असले तर मी लॅनच सांगतो. पण एचडीएमआय केबल लावली की तीच अर्थ जोडते, हे पण खरं, म्हणून दोघांना एकाच बोर्डवरून सप्लाय द्या अन मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा. वीज कडकडायला लागली की सगळ्या केबल काढून ठेवा.

राह्यला उन्हाळा. दुपारी प्रोजेक्टर मधातच बंद होते अन मग कमांड घेत नाही, याला नेटवर्कचा दोष देऊ नका. बहुतेक प्रोजेक्टर ३५ नाहीतर ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात, आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४५ जाते अन टिनाखाली छताजवळ त्याहून जास्त. त्यात जिनिंगच्या हंगामात कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, ते फिल्टरवर जमून गादी तयार होते. टक्का-एकपुढं ईआरएसटी, स्पेस, प्रश्नचिन्ह पाठवा, सहा आकडे येतात: पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर, इतर. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे बिघाड. प्रोग्राममधे दर पंधरा मिनिटांनी हे विचारून घ्या, तिसऱ्या जागी एक दिसला की तास संपायची वाट न पाहता बंदची कमांड द्या अन पीओडब्ल्यूआरची स्थिती शून्य होईपर्यंत मेन बटन कोणाला दाबू देऊ नका, ती स्थिती दोन असताना पंखा फिरत असते अन तो फिरला तरच दिवा टिकते. याच कारणानं प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घ्या, वर्गातला साधा दिव्यावाला ३०० वॉटच्या आसपास घेते, थंड होण्यापुरती काही मिनिटं तर लहान यूपीएस पण देऊ शकते. पाचव्या जागी एक असला तर फिल्टर काढून मऊ ब्रशनं झाडा, ओला करू नका. काही मॉडेलमधे फिल्टरचा इशारा तासांवर मोजून येते, अन आपल्याकडं ते तास भरायच्या कितीतरी आधी फिल्टर बुजलेला असते, म्हणून कापसाच्या दिवसांत इशाऱ्याची वाट न पाहता दर शनिवारी झाडत जा.